थांबण्यापुरता बर्फ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, २९ एप्रिल १९७७

चिरंजीव ज्ञानूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, इकडे सगळं ठीक आहे. तुझं, शालनचं आणि दोन्ही मुलींचं कसं चाललंय ते कळवावं. यंदा इथं ऊन फार आहे. माझ्या चौथीच्या परीक्षा झाल्या, पेपर तपासून दिले. नळाला पाणी एकच वेळ येतं आणि तेही करंगळीएवढं. आबा चावीवर असते तर अशी धार आली नसती, असं गल्ली अजून म्हणते.

हे सगळं लिहिलं, कारण पत्राची सुरुवात अशीच करायची असते. आता खाली बस. उभ्यानं वाचू नकोस. शालनला जवळ बोलाव.

आबा जिवंत आहेत.

रविवारी हुसेनभाईनं तुला केलेली तार चुकीची होती. आबा रविवारी गेले नाहीत, सोमवारी नाहीत, आणि मी हे लिहिते आहे तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बाजेवर बसून डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून ओढताहेत. तो त्यांचा व्यायाम आहे.

तुला काय वाटत असेल मला कळत नाही. तू केस काढलेस का? सुतक धरलंस का? जिवंत बापाचं सुतक माझा भाऊ जबलपुरात पाळतोय, हे मनात आलं की माझ्या हातातलं भांडं पडतं. पाच दिवसांत दोन कपबश्या गेल्या. माझं डोकं अजून जागेवर नाही, म्हणून एकेक गोष्ट ओळीनं सांगते. मधलं काही गाळायचं नाही असं ठरवून बसले आहे. गाळायची मला सवय आहे, ते तुला पुढं कळेलच.

संक्रांतीनंतर आबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, हे मी तुला कळवलं होतं. तुझं उत्तर आलं. त्यात माझ्या गुडघ्यांची चौकशी होती, आबांची नव्हती. असो. शिवरात्रीपर्यंत पाय थोडा उचलायला लागला, हात मात्र तसाच. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. माणूस निम्मा झाला. डॉक्टर म्हणाले, हाताला फिरवायला काहीतरी द्या, आणि गार, गोड, मऊ जे जाईल ते पोटात जाऊ द्या.

शाहूपुरीत एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर मला आइस्क्रीमचे पॉट मांडलेले दिसले. मनात म्हटलं, हात फिरवायचं आणि गार खायचं, दोन्ही यात आहे. त्यातला सगळ्यात स्वस्त घेतला. लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, डब्यात लाकडी पंखा आणि वर फिरवायचा दांडा. बादलीच्या फळ्यांतून उजेड दिसत होता. डब्याचं झाकण एका अंगानं उचललेलं. दुकानदार म्हणाला, "बाई, रातभर पान्यात ठेवा. फळी फुगती, मग थेंब गळायचा न्हाई." मी पॉट कडेवर घेऊन चालत घरी आले. वाटेत माझ्या शाळेच्या तीन पोरी भेटल्या, तिन्ही तोंडावर हात ठेवून हसल्या.

आबांनी पॉट बघितला, दांडा बघितला आणि दुखण्यात पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काही हललं. "ह्येला चावी हाय की गं," म्हणाले. चाळीस वर्षं नगरपालिकेत पाण्याच्या चाव्या फिरवलेला माणूस. कुठल्या पेठेची चावी किती आटे फिरवली की पाणी वरच्या मजल्यावर चढतं, हे त्यांच्या मनगटाला माहीत होतं.

रविवारी घाट घातला. सकाळी गंगावेशीत जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणलं, निम्मं होईतो आटवलं, साखर घातली, गार केलं. शाळेतल्या कुलसुमबाईंनी गगनबावड्याहून आंबे आणले होते, त्यांतल्या सहांचा रस काढला. बर्फ सांगायला गुंडू हातगाडीवाल्याकडे गेले. म्हटलं, अर्धी लादी आण. गुंडू म्हणाला, "बाई, ह्या उनात अर्धी लादी शाहूपुरीतनं तुमच्या दारापतोर येताना पाव हुतीया. आख्खीच आनतो." त्यानं अख्खी लादी आणली. पोत्यात गुंडाळलेली, भुसा लावलेली, गाडीभर लांब. दोघांनी धरून आत नेली, वाटभर पाणी गळत गेलं.

ज्ञानू, तुला आपली गल्ली माहीत आहे. आपल्या गल्लीत अख्खी लादी दोनच कारणांनी येते. दारात मांडव असेल तर लग्नाच्या सरबताला. मांडव नसेल तर घरात कुणीतरी गेलेलं असतं आणि लांबचा मुलगा यायचा असतो. मुलगा गावातच असला तर बर्फ लागत नाही. बर्फ थांबण्यासाठी आणतात.

आणि मी काय करून ठेवलं होतं ऐक. पॉट फिरवायला मोकळी जागा हवी म्हणून आबांना मागच्या परड्यात शेवग्याखाली नेऊन बसवलं होतं. म्हणजे खिडकीतली रोजची बाज रिकामी. रिकामी आहे तर ऊन तरी द्यावं म्हणून त्यांची गादी, उशी, वाकळ सगळं समोरच्या कट्ट्यावर टाकलेलं. तीन महिने आजारी माणूस, बाज रिकामी, अंथरूण बाहेर, आणि भर दुपारी बर्फाची लादी आत. चौथीतलं पोरसुद्धा हे गणित एकाच उत्तरानं सोडवेल.

मला यातलं काही सुचलं नाही. मी परड्यात बसून बर्फ फोडत होते. पोत्यात घालून वरवंट्यानं ठेचायचा, डब्याभोवती एक थर बर्फ, त्यावर मूठभर जाडं मीठ, परत बर्फ. आबांचा उजवा हात मी दांड्यावर ठेवला, वर डावा ठेवला. पहिला वेढा होताना त्यांच्या कपाळावर घाम आला. दहा वेढ्यांनंतर म्हणाले, "हात काढ तुजा." मी हात काढला. दांडा फिरत राहिला.

तेवढ्यात पुढच्या दारातून धोंडुबाईचा हंबरडा आला. "आगं तानाबाई, गेलं गं माजं पिराजीआबा!" पाठोपाठ दहाबारा बायका. धोंडुबाई ऊर बडवत थेट परड्यापर्यंत आल्या आणि "आता पानी कोन सोडंल गं" एवढं म्हणून दारात थबकल्या. समोर आबा. मांडीला टेकवलेली बादली, हात दांड्यावर. धोंडुबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मागच्या बायका त्यांच्यावर येऊन आदळल्या. एकीची तर शुद्धच गेली, तिला मी डोक्यावर आइस्क्रीमचाच बर्फ लावून सावध केलं.

दहा मिनिटांनी आकारामतात्या तिरडीचे बांबू घेऊन हजर. मागं एकाच्या हातात मडकं. आबांनी बांबूंकडे बघितलं. "चांगलं वाळल्यात," म्हणाले. "ठेवा त्या कोपऱ्यात. पुन्हा कशाला हेलपाटा."

सगळे हसले, मीही हसले. मयताला आलेल्या माणसांनी आंब्याचं आइस्क्रीम खाल्लं, ज्ञानू. चमचे पुरले नाहीत. आबांनी वाटीभर खाल्लं.

दिवे लागायच्या सुमाराला हुसेनभाई आला. तुझा हुसेन, समोरचा, जो तुझ्या शाळेच्या चड्ड्या शिवून द्यायचा त्या दिलदार टेलरचा मुलगा. आता दुकान तोच बघतो. दुपारी तो गल्लीत नव्हता, हे त्या गडबडीत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आल्या आल्या त्यानं आबांचे पाय धरले आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"आबा, माज्या हातनं लई वंगाळ झालं. लादी बघिटली आन म्हटलं, आक्कांना शुद्ध नसंल, ज्ञानूला कोन कळवणार? सायकल घिटली आन तारहापिस गाठलं. तिथनं रुईकर कॉलनीत मामूकडं सांगाय गेलतो. आता आलो तर आमची ताजबी म्हनती, आबा आइस्क्रीम खात्यात!"

मी हातातली वाटी खाली ठेवली.

आबांनी विचारलं, "काय लिव्हलास तारंत?"

"'आबा गेले. लगेच ये.' येवडंच."

"ये म्हनून लिव्हलास न्हवं?"

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे."

हुसेनभाईला कळलं नाही. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता दुसरी तार करतो, चूक झाली म्हणून कळवतो. आबांनी डोकं हलवलं. "अकरा वर्सांत त्येला ये म्हनून कुनी लिव्हलं न्हाई. मी न्हाई, हिनं न्हाई. तू लिव्हलास. येऊ दे."

मी मास्तरीण आहे. खोटं बोललं म्हणून पोरांना बाकावर उभं करते. हुसेनभाईनं माझ्याकडे बघितलं, आक्का सांगा की काहीतरी, अशा नजरेनं. मी गप्प राहिले. ती दुसरी तार मी करायला हवी होती, रविवारीच. केली नाही. तू येशील, चिडशील, दारात उभा राहून मला आणि आबांना वाट्टेल ते बोलशील, पण दारात उभा राहशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुला झालेल्या दुःखाचा मी विचार केला नाही असं नाही. केला, आणि तरी गप्प राहिले.

आबांनी हिशेब घातला. सोमवारी तार हातात पडली तर बुधवारी सकाळी तू इथं. मंगळवारी न्हाव्याला बोलावून दाढी केली. निवृत्त झाल्यावर मिळालेला कोट ट्रंकेतून काढायला लावला. बुधवारी उजाडल्यावर गुंडूला परत लादी आणायला पाठवलं, आणि या वेळी पॉट परड्यात नको म्हणाले, उंबऱ्याजवळ ओढून घ्यायला लावला. "त्येला गल्लीच्या तोंडालाच दिसाय पायजे, बाप काय करायलाय ते. म्हंजे भ्याचा न्हाई." मी दूध आटवलं, रस घातला. तू लहानपणी आंब्याची कोय अंगणभर घेऊन फिरायचास, ते त्यांनी दोनदा सांगितलं. दोनदा सांगितल्याचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

नऊ वाजता फिरवायला सुरुवात केली. सायकलची घंटा वाजली की दांडा थांबायचा. साडेदहाला खरोखरच एक सायकल दारात थांबली. तारवाला होता.

"तानाबाई मास्तरीण?" त्यानं विचारलं. मी आत होते, हात मिठानं भरलेले. आबांनी डावा हात पुढं केला. मी धावत येईपर्यंत त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला होता. हिंदीतली तार, अक्षरं आपलीच. बोट ठेवून एकेक शब्द त्यांनी मोठ्यानं वाचला.

"प्रतीक्षा न करें. संस्कार कर लें. ज्ञानदेव."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "प्रतीक्षा म्हंजे वाटच न्हवं?"

"व्हय आबा," मी म्हणाले.

मला वाटलं ते आता पडतील. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले, पडले तर धरायला. ते पडले नाहीत. तारेची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि दांडा परत धरला. "मीठ टाक," म्हणाले. "आता घट्ट व्हायच्या घाईला आलंय."

तू हे का लिहिलंस ते मला एका क्षणात कळलं. आणि तुला ते लिहिता आलं, याचा धक्का अजून बसतो आहे. ज्या माणसानं तुला खांद्यावर बसवून चावीच्या खड्ड्याखड्ड्यातून फिरवलं, त्याला तू सहा शब्दांत पुरलास. मला तुझा राग आला, ज्ञानू. मला इथं लिहिता येणार नाहीत असे शब्द मनात आले. दुपारपर्यंत राग टिकला. मग तो जिकडे जायला पाहिजे तिकडे गेला, ते उद्या लिहिते.

बादलीच्या वरच्या अंगाला एक भोक असतं. वितळलेलं खारं पाणी त्यातून वाहून जायला पाहिजे, नाहीतर ते झाकणाच्या वर चढतं आणि डब्यात शिरतं. त्या गडबडीत भोकात लादीचा भुसा अडकला, ना माझं लक्ष गेलं ना त्यांचं. दांडा हलेनासा होईपर्यंत आबा फिरवत राहिले. उघडलं तेव्हा वरचा थर खारट झाला होता. हुसेनभाई आला, धोंडुबाई आल्या. तू यायचा होतास म्हणून सगळे आले होते. सगळ्यांनी खाल्लं, कुणी खारट म्हणून बोललं नाही. आबांनी अख्खी वाटी संपवली.

संध्याकाळी मला म्हणाले, "त्येला आता काय कळवू नगंस."

"म्हणजे? तुम्ही जिवंत आहात तेही नाही?"

"न्हाई. त्यानं केलंय मोकळं. दहावा करंल, तेरावा करंल. मेलेल्या मानसावर राग धरून कोन बसतंय? पोरगं सुटंल. म्या मागं गेलो काय आन आता गेलो काय."

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

हुसेनभाईनं काल पुन्हा तार करतो म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. तारेत "आबा आहेत" एवढं मावेल. पण जो मेलेल्या बापासाठी आला नाही, तो जिवंत बापासाठी का येईल? तुला जे सांगायला पाहिजे ते तारेत मावणारं नाही.

इथंच थांबते. कंदिलात तेल नाही हे निमित्त.

शनिवार, ३० एप्रिल, सकाळ

काल निमित्त शोधलं. कंदिलात तेल होतं.

अकरा वर्षांपूर्वी आई त्या मे महिन्यात गेली, तेव्हा आबा थांबले नाहीत, असं तुला माहीत आहे. तू तिसऱ्या दिवशी सकाळी वळकटी घेऊन दारात आलास. आत दिवा लावलेला, खाली पीठ पसरलेलं. तू आबांना विचारलंस, "थांबला न्हाईसा?" ते म्हणाले, "न्हाई थांबलो." तू पाण्याचा घोटही न घेता तसाच मागं वळलास. तुझं शेवटचं बोलणं मला पाठ आहे. "एक लादी बर्फ आणवला न्हाई तुमच्यानं." गेली अकरा वर्षं तू त्याच एका वाक्यावर उभा आहेस, आणि बुधवारची तार त्याच वाक्याचं उत्तर होती.

आता नीट वाच.

आबांनी बर्फ आणला होता. आई पहाटे गेली, सकाळी आठला पहिली लादी घरात होती. लग्नाचे दिवस, कारखान्यात बर्फाला रांगा. ती लादी रात्रीपर्यंत पुरली. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत बर्फ नव्हता, मशीन बंद पडलेलं. आबा कुणाच्या तरी ट्रकमधून इचलकरंजीला गेले. जाताना मला म्हणाले, "दुपारपतोर येतो. ज्ञानू उद्या सकाळी येतोय. तवर तुज्या आईला कुनी हलवायचं न्हाई. तू बसून ऱ्हा."

मी बसले. आईजवळ मी एकटी. बायका बाहेर. काविळीनं गेलेली आई, मे महिना, बर्फ संपलेला. मी तिच्या तोंडावरचा पदर सारखा करत होते आणि दर वेळी ती मला कमी आई वाटत होती. तुला याहून जास्त सांगत नाही. एक वाजता मी उठले, बाहेर येऊन आकारामतात्यांना म्हणाले, बांधा. ते म्हणाले, पिराजी येऊ दे. मी किंचाळले, येऊ दे कशाला, मला बघवत नाही, आत्ता बांधा. माझ्यापुढं कुणाचं चाललं नाही. तेवीस वर्षांची विधवा मुलगी किंचाळायला लागली की गल्ली तिचं ऐकते.

आबा दोनला आले. टेंपोतून लादी उतरवत होते, तेव्हा दारात तिरडी बांधून तयार. आबांनी तिरडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "आबा, पुरे. ज्ञानूसाठी मी तिला अजून एक रात्र अशी ठेवणार न्हाई." त्यांनी लादी पोत्यासकट गटारीच्या कडेला ठेवली आणि खांदा द्यायला गेले.

ती लादी रात्रभर तिथं वितळत होती. सकाळी तू आलास तेव्हा दारात नुसतं ओलं पोतं उरलं होतं. तू त्या पोत्यावर पाय देऊन आत आलास.

तू गेल्यावर मी आबांना म्हणाले, मी त्याला लिहिते, मी केलं म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं, चावी धरावी तसं घट्ट. "अजाबात न्हाई. राग एकावर हाय तवर ठीक हाय. दोघांवर धरला तर त्येला परतून याय घर कुठलं? तुज्याकडं तरी येईल." आणि मी ऐकलं. मला ऐकायला सोपं गेलं, ज्ञानू. तू मला पत्रं लिहीत राहिलास, दर भाऊबीजेला लुगडं पाठवत राहिलास, ती सगळी मी नेसले. कधी मनात टोचलं तर म्हणायची, आबांनीच शपथ घातली आहे. तू मात्र माझ्याकडेही आला नाहीस. त्यांचा अंदाज चुकला आणि मी चुकू दिला.

बुधवारी तुझी तार ऐकली तेव्हा तुझ्यावरचा माझा राग कुठं गेला ते आता तुला कळलं असेल. ती तार मला यायला हवी होती. नाव माझंच होतं तिच्यावर. ती त्यांनी घेतली आणि खिशात ठेवली, जसा तो आळ ठेवला होता तशी.

मंगळवारी दहावा दिवस येतो. हे पत्र त्याच्या आत तुला मिळो. पिंड करू नकोस. केला असशील तरी ये, आपण काय ते शास्त्र हुसेनभाईला विचारू, सगळं त्याच्यामुळंच झालं आहे. केस काढले असशील तरी ये. आबा हसतील. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी त्या दिवसांत कुलसुमबाईंकडे राहीन. पण त्यांच्याशी बोल. डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याचं काही बोलत नाहीत.

हे इथवर लिहिलं आणि मान वर केली तर आबा बाजेवरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "येवडं काय लिव्हायलीस?"

मी खरं सांगितलं. कुणाला लिहिते ते, आणि काय लिहिलं तेही. लादीचं, पोत्याचं, एक वाजताचं. मला वाटलं आता शपथ मोडली म्हणून शिव्या घालतील. उजव्या हाताची बोटं त्यांनी मिटली, उघडली. डाव्याची मदत न घेता.

मग म्हणाले, "गाडी कवाची आसंल, काय सांगता येत न्हाई. गुंडूला आतापास्नं सांगून ठेव. त्यो येऊन उभा ऱ्हायला आन घरात बर्फ नसला, आसं पुन्यांदा व्हाय नगो."

हुसेनभाई दारात सायकल घेऊन उभा आहे. पाकिटावर एक्स्प्रेसचं तिकीट लावलं आहे. पेटीत टाकणार नाही म्हणतो, स्टेशनवर मेलच्या डब्यात स्वतःच्या हातानं देणार. पॉट पाण्यात भिजत घातला आहे. फळ्या फुगायला पाहिजेत.

आईच्या वेळी न थांबलेली आणि या खेपेला दारात थांबलेली,

तुझी आक्का